विलगीकरणाचा दुसरा अर्थ

कोलशेतच्या विसर्जन घाटावर संध्याकाळी उभं राहिलं की समोर खाडीचं गढूळ पाणी, पलीकडे भिवंडीच्या अंगाचं काल्हेर आणि पाठीमागे आभाळ अडवणारे मनोरे दिसतात. मधे उरलंय ते आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. एके काळी ठाणेकरांना कोलशेत ठाऊक होतं ते वायुदलाच्या तळामुळे आणि सँडोजच्या, पुढे क्लॅरियंट झालेल्या, रसायनांच्या कारखान्यामुळे. आता इथे गृहसंकुलं आहेत, आणि २०२०च्या उन्हाळ्यात त्यांच्या फाटकांवर एकच शब्द चिकटवलेला होता : विलगीकरण.

त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या एका आजींना कोरोना झाला. ताप चौथ्या दिवशी उतरला, दहाव्या दिवशी त्या पोथी वाचायला लागल्या. तरी घरच्यांच्या मनाला स्वस्थता म्हणून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चाचणी केली आणि अहवाल पुन्हा पॉझिटिव्ह आला. ताट परत दाराबाहेर ठेवलं जाऊ लागलं. नातवाला खोलीत जायची बंदी झाली. आजींनी दाराआडून सुनेला विचारलं, "अगं, अजून आहे का तो माझ्यात?"

सुनेला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. पुढे बरंच वाचल्यावर कळलं की आजींनी विचारलेला प्रश्न विषाणूशास्त्राच्या मुळाशी आहे. त्याचं उत्तर ज्या कामातून मिळतं, त्या कामाचं नावही विलगीकरणच. आपण माणसाला माणसांपासून वेगळं केलं, प्रयोगशाळा विषाणूला माणसापासून वेगळं करते. रुग्णाच्या घशातून, रक्तातून, मैल्यातून आलेल्या नमुन्यातला विषाणू जिवंत पेशींवर वाढवून दाखवायचा, हे ते काम. हा लेख विलगीकरणाच्या त्या दुसऱ्या अर्थाविषयी आहे.

विरजण लागत नाही

जंतू वाढवणं स्वयंपाकघराला नवं नाही. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी दही तयार. जिवाणूला अन्न, ऊब आणि वेळ मिळाला की तो स्वतःच्या बळावर वाढतो. रोगाचे जिवाणूही काचेच्या बशीत अशाच खाऊवर वाढवता येतात.

विषाणूचं तसं नाही. त्याला दुधात घाला, मांसरसात घाला, तो जिथल्या तिथे राहील. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ निदान स्वतःच्या पानांवर ऊन झेलतं, विषाणूकडे तेवढंही नाही. त्याला हवी असते जिवंत पेशी. तिच्यात शिरून तो तिचीच यंत्रणा आपल्या प्रती काढायला जुंपतो. म्हणून विषाणू वाढवायचा तर आधी पेशी जगवायला शिकायला हवं होतं.

ते जमेपर्यंत संशोधक माकडं, उंदरांची नुकती जन्मलेली पिल्लं आणि कोंबडीची उबवणीची अंडी वापरत. कलाटणी मिळाली १९४९ मध्ये. अमेरिकेत बोस्टनला जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जातंतू नसलेल्या मानवी ऊतींमध्ये, प्रयोगशाळेच्या काचपात्रात वाढवून दाखवला. तोवर पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेच्या ऊतींतच वाढतो असं मानलं जाई. १९५४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. पोलिओची लस त्याच वाटेने आली.

१९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून पेशींचा एक वंश सुरू करण्यात आला. हिरवं मूत्रपिंड यासाठी एस्पेरांतो भाषेत जे शब्द आहेत, त्यांची अक्षरं जोडून नाव ठेवलं 'व्हेरो'. त्याच भाषेत व्हेरोचा अर्थ सत्य असाही होतो. त्या पेशी आजही जगभर वाढताहेत. संसर्ग झाल्यावर शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन हे प्रथिन त्यांना बनवता येत नाही, त्यामुळे अनेक विषाणूंना त्यांच्यात सहज घर मिळतं.

गुलाबी पाण्यातला आठवडा

नाकात-घशात फिरवलेली काडी ज्या नळीत मोडून टाकत, तिच्या तळाशी गुलाबी पाणी असायचं, हे अनेकांना आठवत असेल. त्या द्रावणाचं काम विषाणूला प्रवासात टिकवून धरण्याचं. नमुना थंड राहिला आणि लवकर पोचला तरच पुढचं सगळं शक्य. उन्हात तापलेल्या नळीत विषाणूची जनुकीय खूण सापडू शकते, विषाणू मात्र मेलेला असतो.

प्रयोगशाळेत नमुना आधी स्वच्छ करतात. घशात, मैल्यात जिवाणू आणि बुरशी असतातच. ते पेशींच्या बाटलीत शिरले तर दोन दिवसांत सगळं नासवतात. म्हणून प्रतिजैविकं घालतात, नमुना वेगाने फिरवून गाळ खाली बसवतात, काही वेळा जिवाणू अडतील पण विषाणू निसटतील अशा अतिसूक्ष्म गाळणीतून तो काढतात.

एव्हाना दुसरीकडे पेशी तयार असतात. चपट्या पारदर्शक बाटलीच्या तळाशी त्यांचा एकच थर पसरलेला असतो, फरशी घातल्यासारखा. त्यांना लागणाऱ्या द्रवात साखर, क्षार, अमिनो आम्लं आणि वासराच्या रक्तातला द्रव असतो. त्यातला एक रंग पेशींची ख्यालीखुशाली सांगतो : गुलाबी-लाल असेल तर ठीक, पिवळा पडला तर आम्लता वाढलीय, द्रव बदलायला हवा. दर दोन-तीन दिवसांनी हे करावंच लागतं. पेशींना दिवाळीची सुट्टी नसते, म्हणून त्यांना जगवणाऱ्या तंत्रज्ञांनाही ती पूर्ण मिळत नाही.

या थरावर नमुन्याचे थोडे थेंब सोडायचे, तासभर विषाणूला पेशींना चिकटू द्यायचं, मग ताजा द्रव घालून बाटली ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. त्यानंतर रोज सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहायचं. पहिले दोन दिवस बहुधा काही दिसत नाही. मग एखाद्या सकाळी थराच्या एका कोपऱ्यात पेशी गोल होऊन चमकताना दिसतात, आकसतात, तळापासून सुटतात. दुसऱ्या दिवशी फरशीला भोकं पडलेली असतात. गोवराच्या विषाणूने शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे होतात. प्रयोगशाळेत याला 'सीपीई' म्हणतात : विषाणूने पेशींवर उमटवलेली नुकसानीची खूण. अनुभवी डोळा त्या खुणेवरून विषाणूच्या घराण्याचा अंदाज बांधतो. खात्री मात्र पुढच्या चाचण्यांनीच करायची असते.

काही वेळा आठवडा उलटला तरी काही दिसत नाही. तेव्हा त्या बाटलीतला द्रव नव्या पेशींवर घालून पुन्हा वाट पाहतात. विषाणू थोडा असेल तर दुसऱ्या फेरीत डोकं वर काढतो.

नागपूरचे दोन रुग्ण

१९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजेच एनआयव्ही, म्हणून ओळखलं जातं. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली, तेव्हा तिथला नवा विषाणू याच केंद्राने वेगळा केला. तोच माकडताप गेल्या दशकात सिंधुदुर्गात दोडामार्गच्या काजूबागांपर्यंत येऊन पोचला.

महाराष्ट्राच्या मातीचं नाव लागलेला विषाणूही याच केंद्रात सापडला. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ होती, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. तिथून पुण्याला आलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी दोघा रुग्णांच्या नमुन्यांत वेगळंच काही वाढलं. ते डेंग्यू नव्हतं, चिकुनगुनियाही नव्हतं. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि रुग्णांच्या वस्तीवरून त्याला नाव दिलं : चांदीपुरा.

तेव्हा तो किरकोळ वाटला. नाव नोंदलं गेलं, विषाणू गोठवून जपून ठेवला गेला. जवळजवळ चार दशकं त्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. मग २००३च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांना अचानक ताप येऊ लागला, झटके, बेशुद्धी आणि चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत मृत्यू. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. एनआयव्हीने नमुने पेशींवर वाढवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले. तो चांदीपुराच होता. पुढे तो विदर्भात परतला आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याची साथ आली. सँडफ्लाय ही भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक माशी तो पसरवते.

१९६५ मध्ये ते दोन नमुने 'बहुतेक डेंग्यूच' म्हणून बाजूला सारले असते, तर २००३ मध्ये ताडून पाहायला हाताशी काहीच नसतं. ठरावीक विषाणूसाठी केलेली चाचणी त्या विषाणूपुरतंच उत्तर देते. पेशींच्या बाटलीला प्रश्न ठरवून द्यावा लागत नाही. त्या पेशींत जो वाढू शकतो तो वाढतो, अनोळखी असला तरी. विषाणू वेगळा करण्याच्या कामाचं सगळ्यात मोठं मोल मला इथे दिसतं.

कोलशेत ते परळ

आता आपल्या अंगणातली गोष्ट. कोलशेतमध्ये किंवा कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या चाळीत पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटो, पोलिओ नाही ना हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी ते कळवायचं असतं. मग महापालिकेचं आरोग्य पथक घरी येतं आणि मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेतं, किमान चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. प्रत्येक नमुना अंगठ्याच्या पेराएवढा. बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंशांत तो निघतो. लस शीतसाखळीतून दवाखान्यात येते, नमुना तशाच साखळीतून उलटा जातो, म्हणून या प्रवासाला 'उलटी शीतसाखळी' म्हणतात. कापूरबावडी, माजिवडा, मग द्रुतगती महामार्गाने मुलुंड, घाटकोपर, शीव करत परळ. तीसेक किलोमीटर.

परळला हाफकिनच्या आवारात एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर आहे, आता ते एनआयव्हीचं मुंबई केंद्र म्हणून काम करतं. पोलिओसाठी जागतिक आरोग्य संघटनेने विशेष दर्जा दिलेल्या जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी ही एक. तिथे नमुन्यातले जिवाणू क्लोरोफॉर्मने मारतात आणि उरलेला द्रव दोन प्रकारच्या पेशींवर सोडतात. एक 'आरडी', एका मुलीच्या स्नायूच्या गाठीतून वाढवलेली. तिच्यात आतड्यांतले पुष्कळ विषाणू वाढतात. दुसरी 'एल-२०-बी', मुळात उंदराची पेशी. उंदराच्या पेशीत पोलिओला शिरायला दारच नसतं. शास्त्रज्ञांनी तिला माणसाचं एक जनुक देऊन ते दार बसवलं, पोलिओच्या मापाचं. त्या दाराने क्वचितच दुसरा कुणी आत जातो. म्हणून एल-२०-बीमध्ये पेशी गोल झाल्या की प्रयोगशाळेत सगळे सावध होतात.

भारतात २००९ मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एक : १३ जानेवारीला हावड्यात आजारी पडलेली लहान मुलगी. त्यानंतर तीन वर्षं देशभरातून हजारो मुलांचे नमुने अशा प्रयोगशाळांत गेले. मुंबईत तर २००१ पासून सांडपाणीही तपासलं जातंय, कारण विषाणू मैल्यावाटे बाहेर पडतो आणि लक्षणं नसलेली मुलंही तो सोडत असतात. बाटल्यांमागून बाटल्या पाहिल्या गेल्या आणि निसर्गातला पोलिओ कुठल्याच बाटलीत वाढला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला.

लसीकरणाचं श्रेय आपण देतो आणि ते द्यायलाच हवं. पण रोग गेला हे सिद्ध कसं झालं? ज्या बाटल्यांत काहीच घडलं नाही, त्यांच्या नोंदींनी. 'अजून आहे का तो?' हा आजींचा प्रश्न अख्ख्या देशाने विचारला होता, आणि परळसारख्या प्रयोगशाळांनी त्याचं 'नाही' हे उत्तर एकेका नमुन्याने जमवलं. ते उत्तर कायमचं नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे. २०२४ मध्ये मेघालयात लसीतल्या विषाणूपासून उद्भवलेल्या पोलिओचा रुग्ण सापडला. म्हणून पेटी आजही परळला जाते.

आजींना उत्तर

मार्च २०२० मध्ये एनआयव्हीने भारतातल्या रुग्णांच्या नमुन्यांतून कोरोनाचा विषाणू वेगळा केला. ते नमुने इटालियन पर्यटकांचे आणि आग्र्यातल्या बाधितांच्या निकट संपर्कातल्या माणसांचे होते, पेशी व्हेरोच्या. त्या काळात वेगळ्या केलेल्या विषाणूंपैकी एकाचा क्रमांक एनआयव्ही-२०२०-७७०. तो ज्या माणसाच्या नमुन्यातून आला, त्याला कसलीही लक्षणं नव्हती. तोच विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला गेला, तिथे व्हेरो पेशींवर मोठ्या प्रमाणात वाढवून रसायनाने निष्प्रभ केला गेला आणि कोव्हॅक्सिन बनली. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

असं याआधीही झालंय. १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एका शाळेत डेव्हिड एडमन्स्टन या मुलाला गोवर झाला. त्याच्या रक्तातून एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी गोवराचा विषाणू वाढवला. त्याच वंशातली एडमन्स्टन-झाग्रेब ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. २०२२च्या हिवाळ्यात गोवंडी आणि भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा मुलांच्या बचावासाठी हीच लस होती. एडमन्स्टनचं नाव तरी लसीवर राहिलं. ७७० क्रमांकाच्या माणसाचं नाव आपल्याला कळणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. पण त्याने काडी फिरवू दिली म्हणून कोट्यवधी दंडांत सुई गेली.

आजींचं उत्तरही २०२०च्याच वसंतात जर्मनीतून आलं. म्युनिकच्या नऊ रुग्णांचे रोजचे नमुने पेशींवर वाढवून पाहिले गेले. पहिल्या आठवड्यात विषाणू सहज वाढला. आठव्या दिवसानंतर घेतलेल्या एकाही नमुन्यातून तो वाढला नाही, जरी पीसीआर चाचणी पुढेही बराच काळ पॉझिटिव्ह येत राहिली. पीसीआरला विषाणूच्या जनुकांचे तुकडे सापडत होते. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाची पाटी दारावर राहावी तसे. भाडेकरू आत आहे का, हे पेशींनीच सांगितलं. ८ मे २०२० रोजी केंद्र सरकारनेही नियम बदलला : सौम्य आजार, लक्षणांना दहा दिवस झालेले आणि तीन दिवस ताप नाही, तर पुन्हा चाचणी न करता घरी सोडायचं. आमच्या आजींची तिसऱ्या आठवड्यातली चाचणी करायलाच नको होती. नातवाला आत सोडायला हरकत नव्हती.

पुढे ४ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण जाहीर झाला, दक्षिण आफ्रिकेहून परतलेला डोंबिवलीकर. नवा प्रकार आहे हे जनुकीय क्रमवाचनाने सांगितलं. पण घेतलेली लस त्याला अडवेल का? कागदावरच्या जनुकांवरून त्याचा अंदाज होतो, खात्री नाही. अवघ्या तीन दिवसांनी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या ॲलेक्स सिगल यांच्या प्रयोगशाळेने प्रत्यक्ष वाढवलेल्या ओमायक्रॉनवर लसवंतांचं रक्त तपासून सांगितलं की प्रतिपिंडांची पकड कित्येक पटींनी सैल झालीय, पण संपलेली नाही. जिवंत विषाणू हातात होता म्हणूनच इतक्या लवकर कळलं.

जोखीम आणि जबाबदारी

हे काम जोखमीचं आहे आणि ते लपवून चालणार नाही. रोग्याच्या एका थेंबात असतील त्याच्या अनेक पटींनी विषाणू बाटलीत असतात. क्यासनूरच्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांना तो ताप झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून जैवसुरक्षेचे चार स्तर आहेत. कोरोना वाढवायला तिसरा लागतो, जिथे हवा बाहेरून आत ओढली जाते आणि गाळूनच बाहेर सोडली जाते. निपाहसारख्या विषाणूंसाठी चौथा, पुण्यात पाषाणला तो आहे. ही सोय गल्लोगल्लीच्या तपासणी केंद्रांत असूच नये. पण मोजक्या ठिकाणी ती असायलाच हवी, आणि तिथे पेशी जगवणारी माणसं टिकायला हवीत. यंत्र नव्याने विकत आणता येतं, सकाळच्या पहिल्या नजरेत गोल झालेली पेशी ओळखणारा डोळा तयार व्हायला वर्षं जातात. पीसीआर स्वस्त आणि जलद झाल्यापासून हे सावकाश काम मागे पडण्याचा धोका आहे. साथ नसलेल्या वर्षांत त्यावर खर्च करणं, हीच त्याची खरी कसोटी.

आपल्या हाती साखळीचं पहिलं टोक आहे. कोलशेत असो वा कल्याण, घरातल्या, शेजारच्या, बांधकामावर राहणाऱ्या मजुरांच्या झोपडीतल्या पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर 'पडला असेल', 'इंजेक्शनने झालं असेल' म्हणत थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या महापालिका आरोग्य केंद्राला कळवा आणि दोन्ही नमुने चौदा दिवसांच्या आत देऊ द्या. तापाच्या साथीत आरोग्यसेविका रक्ताचा नमुना मागायला आली तर दार उघडा. नमुना वेळेत दिला आणि थंड राहिला तरच तो परळला किंवा पुण्याला जिवंत पोचतो. नाही तर तिथल्या माणसांच्या हाती फक्त भाडेकरूच्या नावाची पाटी लागते.